टाकीवरच्या क्रमांकाची किंमत: मर्यादित आवृत्तीच्या एका मोटारसायकलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वाहन विम्याच्या नुकसानीचे मूल्यमापन करणे हा माझा व्यवसाय असून अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील बहुतेक गावांत माझे जाणे-येणे असते. पुढील प्रकरण त्याच कामातून माझ्यासमोर आले. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने ते येथे मांडत आहे. गाव, माणसे, विक्रेता आणि गाडीची कंपनी यांची नावे मुद्दाम गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हिशेबाचे गुणोत्तर मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

कुटुंब वरूड-मोर्शी पट्ट्यातील आहे. नऊ एकर जमीन, त्यांपैकी चार एकरांत संत्रा आणि उरलेल्या शेतात कपाशी, तूर व थोडे सोयाबीन. घरात आई-वडील, सव्वीस वर्षांचा मुलगा आणि शेजारच्याच खोलीत राहणारे धाकटे काका. मुलगा पदवीधर आहे, बागेचे फवारणी-खताचे सगळे वेळापत्रक तोच सांभाळतो आणि गावात त्याला कोणी उधळ्या म्हणणार नाही. हे आधीच सांगितले पाहिजे, कारण अशा खरेदीची गोष्ट ऐकली की ऐकणारा पोरगा वाया गेला असे गृहीत धरतो आणि मग प्रकरणातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराची बाग ठोक्याने दिली गेली, व्यापाऱ्याने ईसार दिला आणि दिवाळीच्या तोंडावर बराचसा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हातात आला. त्याच सुमारास ३०० ते ३५० सीसी गटातील एका स्पोर्ट्स मोटारसायकलीची मर्यादित आवृत्ती बाजारात आली: शर्यतीच्या संघाचे रंग, पुढच्या काचेखाली स्पर्धकाचा अंक आणि टाकीवर क्रमांक कोरलेली धातूची छोटी पट्टी.

किमतीची उकल

नेहमीच्या आवृत्तीची शोरूम किंमत २,७५,००० रुपये होती आणि मर्यादित आवृत्तीची २,९९,००० रुपये. इंजिन, चौकट, ब्रेक, सस्पेन्शन, टायर यांत काडीचा फरक नव्हता. २४,००० रुपये रंगाचे, पट्टीचे आणि सोबत येणाऱ्या प्रमाणपत्राचे होते. तीनशे सीसीच्या वरच्या दुचाकीवर महाराष्ट्रात १२ टक्के एकरकमी कर लागतो आणि तो वाढीव किमतीवरही लागतो. विम्याचा हप्ताही किंचित वाढतो. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत हा फरक सुमारे २८,००० रुपये झाला.

त्यावर ऑन, म्हणजे जाहीर किमतीच्या वर मागितली जाणारी जादा रक्कम, होता. अमरावतीच्या विक्रेत्याकडे आलेल्या मोजक्या गाड्या आधीच नोंदवल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी एक नोंदणी आपल्या नावावर करून घेण्यासाठी एका मध्यस्थाने ३०,००० रुपये रोख मागितले. पावती अर्थातच मिळणार नव्हती. सगळे मिळून मर्यादित आवृत्ती ३,८६,००० रुपयांना पडत होती आणि नेहमीची गाडी तेव्हा साधारण ३,२८,००० रुपयांत घरी आली असती. प्रकरणाचा गाभा हे मधले ५८,००० रुपये आहेत. पूर्ण गाडी घ्यावी की नाही हा वेगळा वाद, आणि तो त्या घरात फारसा झालाही नाही; बागेने पैसा दिला होता आणि पोराने दोन वर्षे राबून तो आणला होता, हे वडिलांना मान्य होते.

मुलाचा युक्तिवाद

हा युक्तिवाद बालिश नव्हता, म्हणून तो नीट मांडतो. शर्यतीच्या गाडीची रस्त्यावर चालणारी प्रतिकृती मौल्यवान ठरल्याची उदाहरणे जगात आहेत आणि ती त्याला तोंडपाठ होती. १९८८ साली जागतिक सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मैदानात उतरवायची गाडी ठरावीक संख्येने सामान्य ग्राहकालाही विकलेली असली पाहिजे असा नियम होता. त्या नियमापोटी होंडाने आरसी ३० बनवली आणि पहिली दोन विजेतेपदे फ्रेड मर्केलने तिच्यावरच मिळवली. यामाहाने १९९९ मध्ये आर ७ च्या फक्त ५०० गाड्या काढल्या. पुढे डुकाटीने मोटोजीपी या जागतिक शर्यतीतल्या गाडीवरून डेस्मोसेडिची आरआर तयार केली, ९८९ सीसीचे व्ही-४ इंजिन, एकूण १,५०० गाड्या, आणि २०१५ मध्ये होंडाने आरसी २१३ व्ही-एस काढली, जिची युरोपातील किंमत १,८८,००० युरो होती. या गाड्यांसाठी संग्राहक आज वाटेल ते मोजतात, हे खरेच आहे.

त्याचे दुसरे उदाहरण घरातलेच होते. काकांकडे यामाहाची एक आरएक्स १०० आहे, कधीकाळी जुन्यात अठरा हजारांना घेतलेली, आणि तिला त्याआधीच्या वर्षी परतवाड्याच्या एकाने लाखाच्या वर भाव सांगितला होता. ९८ सीसीची ती टू-स्ट्रोक गाडी १९९६ मध्ये बंद झाली. ‘बंद झालेल्या गाडीला इतका भाव, तर मोजक्याच काढलेल्या गाडीला किती’ असे गणित त्याने वडिलांपुढे ठेवले. त्याचे शब्द काकांनी मला सांगितले ते असे: “बाबा, हे खर्च नाही, हे गुंतवणूक आहे. दोन सालानं याचेच जास्तीचे पैसे भेटतीन.”

वडिलांनी गाडीचे चित्र पाहून एकच प्रश्न विचारला होता. “तुह्या मायले कुठं बसवशीन?” मागची गादी वीतभर होती. त्यावर सगळे हसले आणि प्रश्न तिथेच विरला. मला मात्र तो त्या सगळ्या चर्चेतला सर्वांत व्यवहारी प्रश्न वाटतो.

युक्तिवादातील चूक कुठे होती

प्रतिकृती हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. आरसी ३० सारखी गाडी स्पर्धेच्या नियमासाठी जन्मते, तिचे इंजिन आणि चौकट वेगळी असते आणि त्या भागांसाठीच तिला किंमत असते. दुसऱ्या प्रकारात गाडी नेहमीचीच असते, पण सस्पेन्शन, ब्रेक, चाके यांसारखे भाग वरच्या दर्जाचे असतात. ते भाग सुटे घेतले तर काय पडतील हे काढता येते आणि फरकाची रक्कम रास्त आहे की नाही हे तासाभरात कळते. तिसऱ्या प्रकारात फक्त रंग असतो. आपल्याकडे चार लाखांच्या आत ‘रेस एडिशन’ म्हणून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी या तिसऱ्या प्रकारात मोडते. होंडाच्या शर्यत-संघाचा प्रायोजक असलेल्या रेप्सॉल या तेल कंपनीचे रंग आपल्याकडे सीबीआरवर आले, हॉर्नेटवर आले आणि डिओ स्कूटरवरही आले. रेप्सॉल आणि होंडाची साथ १९९५ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत चालली आणि मग संपली. प्रायोजक बदलला की रंगांचा संदर्भ सुटतो. काही वर्षांनी त्याला जुन्या आठवणींचे मोल येते किंवा तो नुसताच जुना दिसतो, आणि यांपैकी काय होईल हे खरेदीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

आरएक्सचे उदाहरण तर त्याच्या बाजूचे नव्हतेच. ती कोणी मर्यादित म्हणून विकली नव्हती. दूध घालणारे, शिक्षक, सोसायटीचे सचिव अशा सगळ्यांनी ती रोज वापरली. प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकचा जमाना संपवला आणि धडक्या गाड्या थोड्या उरल्या, तेव्हा तिच्यावर तारुण्य घालवलेल्या एका अख्ख्या पिढीच्या हातात पैसा होता. काकांनी हे एका वाक्यात सांगितले: “आरएक्स ठिवून ठिवून महाग नाही झाली बावा, लोकायनं चालवू चालवू मोडल्या म्हून उरलीचा भाव आला.” दुर्दैवाने हे वाक्य त्यांनी गाडी आल्यानंतर उच्चारले.

तपासलेले पर्याय

घरात प्रत्यक्षात दोनच पर्यायांवर बोलणे झाले: मर्यादित आवृत्ती घ्यावी, किंवा नेहमीची घेऊन उरलेल्या पैशात संत्र्याच्या दोन एकरांतील ठिबकच्या गळक्या नळ्या बदलाव्यात. ठिबकचा पर्याय पुढे येताच चर्चा बिघडली, कारण मग गाडी विरुद्ध शेती, पोरगा विरुद्ध बाप असा सामना झाला आणि मुलाला माघार घेणे कठीण झाले.

जे पर्याय कोणी मांडलेच नाहीत ते अधिक उपयोगाचे होते. नेहमीची गाडी घेऊन त्याच रंगांची चित्रपट्टी (स्टिकर) आठ-दहा हजारांत लावून मिळते. नागपूरला त्याच मॉडेलची दोन वर्षे वापरलेली गाडी पुष्कळ कमी पैशांत मिळाली असती. आणि शर्यतीचीच खरी ओढ असेल, तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाऊन दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण ५८,००० रुपयांत प्रवासासह बसण्याची शक्यता होती. झुकलेली बैठक, मागे घेतलेले पायटे (पाय ठेवायचे दांडे), खाली बसवलेले हँडल हे सगळे ज्या कामासाठी असते ते काम एकदा तरी करता आले असते.

निर्णय

धनत्रयोदशीच्या दिवशी मर्यादित आवृत्तीच घरी आली. दोन लाख रोख, ऑनचे तीस हजार वेगळे रोख आणि १,५६,००० रुपयांचे कर्ज, १२ टक्के दराने छत्तीस महिने, हप्ता ५,१८१ रुपये. वित्त कंपनीने कर्ज देताना ऑनची रक्कम हिशेबात धरली नाही, आणि ती धरण्याचे तिला कारणही नव्हते. ऑनचे तीस हजार परत मिळवायचे झाले तर तेवढाच भाबडा दुसरा खरेदीदार शोधणे हाच एक मार्ग होता, याची ती पहिली सूचना होती. पण सणाच्या गर्दीत ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

विम्याचेही तसेच झाले. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा बंधनकारक असतो आणि १५० ते ३५० सीसी गटासाठी त्याचा दर तेव्हा ७,३६५ रुपये होता. तो घेतला गेला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेतला गेला, पण दोन-अडीच हजार वाचवण्यासाठी घसारामुक्त संरक्षण, म्हणजे दाव्यातून भागांचा घसारा कापला जाऊ नये म्हणून घ्यायची जोड, वगळले गेले. नव्या गाडीची विमित रक्कम कंपनीच्या जाहीर किमतीतून पाच टक्के वजा करून ठरते, म्हणजे येथे ती २,८४,०५० रुपये झाली. गाडी पहिल्याच रात्री चोरीला गेली असती, तर ३,८६,००० मोजलेल्या माणसाला याहून जास्त मिळाले नसते. बीजक-मूल्याचे जादा संरक्षण घेतले असते तर करापर्यंतची रक्कम बहुधा भरून आली असती. ऑन मात्र कोणत्याही पॉलिसीत येत नाही.

पुढचे चौदा महिने

एकदा गाडीला गुंतवणूक म्हटल्यावर तिच्याशी वागणूकही तशीच झाली. किलोमीटर वाढले तर भाव उतरेल म्हणून ती आठवड्यातून एकदा, तीही डांबरी रस्त्यापुरती बाहेर निघे. काळ्या मातीवरचे आमचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात, गावोगावी लोकांनी स्वतःच घातलेले गतिरोधक असतात आणि शेताकडच्या पांदणीने ही गाडी जाणे शक्यच नव्हते. बागेत जायला वडिलांची जुनी शंभर सीसीचीच गाडी वापरात राहिली. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की रेडिएटरचा पंखा सतत चालायचा आणि त्याची गरम हवा थेट मांड्यांवर यायची, त्यामुळे दुपारी गाडी काढण्याचा प्रश्नच नव्हता.

माझा संबंध एप्रिल २०२५ मध्ये आला. लग्नघरी उभी केलेली गाडी मऊ मातीत स्टँड रुतून डावीकडे पडली. फेअरिंगच्या, म्हणजे गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, डाव्या पॅनेलला तडा, क्लचचा लीव्हर वाकला, पायटा मोडला. मी काढलेला अंदाज १८,५०० रुपयांचा होता आणि त्यात एकट्या पॅनेलचे १४,२०० रुपये होते, कारण ते रंगासह फक्त त्या आवृत्तीसाठी येते. प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर सहा महिन्यांच्या आत काहीच कापले जात नाही आणि दुचाकीची सक्तीची वजावट शंभर रुपये असते. त्यामुळे ११,३०० रुपये मंजूर होण्यासारखे होते. फेअरिंग असलेल्या गाडीला घसारामुक्त संरक्षण का हवे हे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. पडलेल्या स्पोर्ट्स गाडीचे बिल बहुतांशी प्लास्टिकचेच असते.

अडचण पैशांची नव्हती, वेळेची होती. ते पॅनेल येण्यास दहा-अकरा आठवडे लागतील असे सांगण्यात आले. घरात आणखी एक लग्न पंधरा दिवसांवर होते. मी मुलाला थांबण्याचा सल्ला दिला, पण तो एवढ्याच आधारावर दिला की दावा मंजूर होण्यासारखा आहे. मूळ पॅनेल हीच या गाडीच्या वेगळेपणाची सगळी मालमत्ता आहे हे मी स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. त्याने दावा मागे घेतला, त्यामुळे त्याची नो-क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी, २० टक्के सवलतही टिकली, आणि अमरावतीच्या एका कुशल पेंटरकडून तडा भरून, रंग जुळवून ४,२०० रुपयांत काम करून घेतले. काम चांगले झाले होते.

पावसाळ्यात गाडी ज्या खोलीत झाकून ठेवली होती, तिथेच ऑक्टोबरात सोयाबीनची पोती आली आणि पोत्यांमागे उंदीर आले. वायरिंग कुरतडले गेले, बॅटरी बसली आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी छोट्या मालवाहू गाडीतून न्यावी लागली. त्याचे ६,४०० रुपये झाले.

त्याच्या थोडे आधी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासह किमतीत ही घट ७.८ टक्के होते. नेहमीच्या आवृत्तीची २,७५,००० ही किंमत त्या हिशेबाने २,५३,५०० च्या आसपास आली आणि वापरलेल्या गाड्यांचे भावही तितकेच खाली सरकले. हे कोणालाच आधी कळण्यासारखे नव्हते, म्हणून याचा दोष मी निर्णयाला देत नाही.

परिणाम

डिसेंबर २०२५ मध्ये, बहाराला फळगळ लागून उत्पन्न घटल्यावर, गाडी विकण्याचा प्रयत्न झाला. चौदा महिन्यांत ती ३,१०० किलोमीटर चालली होती. नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने २,१५,००० रुपये सांगितले आणि त्याच वर्षाच्या नेहमीच्या आवृत्तीला तो २,१०,००० देत होता. ५८,००० रुपयांचा फरक त्याच्या दुकानात ५,००० रुपयांचा झाला होता.

पुण्याचा एक संग्राहक मात्र भेटला आणि त्याने फोनवर २,६०,००० ची तयारी दाखवली. त्याने प्रमाणपत्राचे, पट्टीचे आणि प्रत्येक पॅनेलच्या आतल्या बाजूचे फोटो मागवले. डाव्या पॅनेलच्या आतून भरलेला तडा स्पष्ट दिसत होता. त्याने भाव २,२५,००० वर आणला आणि नंतर फोन उचलणे बंद केले. मूळ पॅनेल आता मागवता येईल का, याची चौकशी मी स्वतः केली. ती आवृत्ती संपली होती आणि रंगवलेले पॅनेल पुरवठ्याच्या यादीतून निघाले होते.

२,१५,००० ला विकली असती, तर दुरुस्ती, पेट्रोल आणि व्याज सोडून १,७१,००० रुपये गेले असते, म्हणजे चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ५५ रुपये. मुलाने हा आकडा स्वतः वहीत मांडला आणि विकण्याचा विचार सोडून दिला.

काय वेगळे करता आले असते

अशी गाडी घ्यावीच कशाला, असे विचारणाऱ्यांशी मी सहमत नाही. कमावत्या माणसाने हौसेसाठी ५८,००० रुपये जास्त मोजले, तर तो त्याचा अधिकार आहे. लग्नाच्या एका जेवणावळीत याहून जास्त जातात आणि त्याची कोणी प्रकरणे लिहीत नाही. माझ्या मते चूक झाली ती हौसेला गुंतवणुकीचे नाव देऊन घरची संमती मिळवण्यात. ‘मला ही आवडली आहे आणि हे पैसे गेले असे समजा’ असे तो म्हणाला असता, तर वडिलांनी कदाचित ऑनच्या तीस हजारांना नकार दिला असता, पण चोवीस हजारांना दिला नसता असे ते मला स्वतः म्हणाले. शिवाय मग त्याने ती गाडी चालवली असती. झाकून ठेवल्याने भाव टिकला नाहीच, उलट वायरिंग गेले.

आणि गुंतवणूकच म्हणायचे होते, तर तिचे नियमही पाळायला हवे होते: पावतीशिवाय एक रुपया न देणे, घसारामुक्त आणि बीजक-मूल्याचे संरक्षण घेणे, अकरा आठवडे थांबून मूळ पॅनेलच बसवणे, आणि विकत घेणारा कुठे राहतो हे घेण्यापूर्वीच पाहणे. आमच्या भागात त्या पट्टीसाठी जास्तीचे पैसे देणारा माणूस नाही. तो पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत असतो, आणि गाडी पाहायला तो वरूडला येत नाही. माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली. दावा मागे घेण्यापूर्वी त्याला ही गाडी विकायची आहे की ठेवायची, एवढे विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

गाडी अजून त्याच्याकडेच आहे. अलीकडे भेटलो तेव्हा मीटरवर ५,४०० किलोमीटर होते आणि त्यांपैकी बरेचसे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटातले होते. तिथल्या वळणांवर ती बैठक पहिल्यांदा बरोबर वाटली, असे तो म्हणाला. काकाही आरएक्स घेऊन एकदा सोबत गेले होते. ठिबकच्या एका एकरातल्या नळ्या बदलून झाल्या आहेत, दुसरा एकर पुढच्या चुकाऱ्यावर ठेवला आहे, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे.